एकच व्यक्ती

सकाळी सातला तास असायचा.
मी ठाकूरद्वारच्या दूधकेंद्रावरून थेट यायचो,
वहीच्या पुठ्ठ्याला बाटल्यांचा ओलावा.
धैर्यवान सर फळ्यावर दोनच शब्द लिहायचे:
‘करील’ आणि ‘करू शकेल’.
मधे बोटभर जागा सोडायचे.
‘या फटीतून अख्खं सरकार ये-जा करतं,
लक्ष ठेवा,’ म्हणायचे
आणि उरलेला खडू कोटाच्या खिशात टाकायचे,
घरी न्यायची सुपारी टाकावी तसा.

अनुच्छेद दोनशेला त्यांनी तीन आठवडे घेतले.
विधानसभेनं विधेयक केलं, राज्यपालाकडे गेलं,
पटत नसेल तर परत धाडावं, शक्य तितक्या लवकर.
‘लवकर म्हणजे किती, पेडामकर?’
पंधरा दिवस, मी म्हणालो.
मागच्या बाकावरून फरीदा म्हणाली, महिना.
सर खिडकीशी गेले. खाली ओव्हलवर
कुणीतरी खेळपट्टीला पाणी मारत होतं.
‘माणसाला लाज वाटायला जेवढा वेळ लागतो, तेवढा.
परीक्षेत हे लिहू नका. मार्क मिळणार नाहीत.’

मी लिहिलं.
पेपर त्यांनीच तपासला. दिले नाहीत.

पुढं डीन झाले, कुठल्याशा आयोगावर गेले,
अहवालांत त्यांचं नाव
शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर सरकत आलं,
आणि एका शुक्रवारी रात्री नेमणूक जाहीर झाली,
दूरच्या, डोंगरातल्या राज्यावर.
शपथविधी मी झेरॉक्सच्या दुकानात पाहिला.
मशीनचा हिरवा उजेड टीव्हीवरून फिरत होता.
बंद गळ्याचा कोट, मागं फेटेवाला अधिकारी.
खिसा निरखून पाहिला मी. पांढरा डाग नव्हता.
‘राष्ट्रपतीची मर्जी असेपर्यंत’,
हेही त्यांनीच शिकवलेलं,
मर्जीखाली दोन रेघा ओढून.

मग झाडीतल्या वस्त्यांना जमिनीचे कागद देणारं विधेयक
त्यांच्या टेबलावर गेलं.
महिना झाला. फरीदाचा मेसेज: हरले मी.
सहा महिने.
चौदा महिने.
पेपरांनी अग्रलेख लिहिले, मग लिहायचे थांबले.
मी शिक्के मारत राहिलो:
भाडेकरार, हमीपत्रं, लग्नानंतरची बदललेली नावं.

या नोव्हेंबरात ते आले.
किल्ला कोर्टाच्या मागं, माझ्या टेबलाशी,
गाडी नाही, बरोबर कुणी नाही,
औषधाच्या दुकानाच्या पिशवीत कागद.
पेन्शनच्या पुस्तकात मो. वि. धैर्यवान,
राजपत्रात मोरेश्वर विश्वनाथ.
बँकेला प्रतिज्ञापत्र हवं होतं
की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत.

खुर्ची पुसून दिली. मसुदा वाचता वाचता
त्यांनी एक स्वल्पविराम काढला,
एक ‘सदर’ खोडलं.
मी काहीच विचारलं नव्हतं.
‘रोज उघडायचो मी ती फाइल,’ म्हणाले,
‘पेनचं टोपण काढलं की फोन वाजायचा.’
पिशवीची घडी घातली. उलगडली.
‘पुढं पुढं वाजायचाही नाही.’

कागदाच्या तळाशी माझी ओळ छापलेली असते:
शपथकर्त्यास मी व्यक्तिशः ओळखतो.
दिवसातून चाळीसदा तिच्याखाली सही करतो,
ज्यांची तोंडंही वर पाहिलेली नसतात त्यांच्यासाठी.
आज पेन तिथं थांबलं.
शेजारचा टायपिस्ट रिबन बदलत होता,
बोटं काळी करून घेत.
सर माझ्या हाताकडे बघत होते,
तोंडी परीक्षेत बघायचे तसे,
मदत न करता.

मग सही केली, शिक्का मारला, तारीख घातली.
‘किती झाले?’
राहू द्या सर, मी म्हटलं.
‘पावती दे,’ ते म्हणाले,
नोट टेबलावर ठेवली
आणि सुट्ट्या पैशांसाठी उभे राहिले.